साडूचा कॉम्प्युटर

वस्तू घेण्यापेक्षा ती घ्यायची कशी, यावर माझ्या साडूइतका जीव टाकणारा माणूस अख्ख्या मुलुंडमध्ये दुसरा नसेल, आणि नसलेलाच बरा. दिवाळीचा कंदील तो विकत आणत नाही. कामट्या तासण्यापासून सगळं स्वतः करतो, त्यामुळे कंदील लागतो तो तुळशीच्या लग्नाला. मेहुणी कपाळावर हात मारते. "विकतचा काय, कुणीही आणेल रे," असं मलाच ऐकवून हा पुन्हा खळ ढवळायला घेतो.

अशा माणसाने रिटायर झाल्यावर गेमिंग कॉम्प्युटरचं मनावर घेतलं, म्हणजे वाट लागणारच होती. त्याचा मुलगा कॅनडात असतो. दर रविवारी सकाळी फोन करायचा, पण बापलेकांना बोलायला विषय म्हणून नाही. "जेवलास?" "हो." "थंडी?" "आहे." की फोन आईकडे. शेवटी मुलानेच सुचवलं, बाबा, एक दणकट कॉम्प्युटर घ्या, लहानपणीसारखी गाड्यांची शर्यत खेळू. झालं! तयार घ्यायचा की सुटे भाग आणून घरी जोडायचा, हा प्रश्न तेव्हापासून त्यांच्या घरी मुक्कामाला आहे.

घाटकोपरला एका बारशात बायका पाळणा म्हणत असताना याने बाळाच्या मामाला कोपऱ्यात गाठून ग्राफिक कार्ड कुठलं घ्यावं ते विचारलं. मामा बिचारा दातांचा डॉक्टर! लॅमिंग्टन रोडला तर इतक्या खेपा झाल्या, की एका दुकानदाराने चहा पाजून अदबीने विचारलं, "शेठ, आपलं दुकान कुठे?" तयार घ्यायचं ठरलं की पितृपक्ष आडवा येतो. दसऱ्याला जोडायचं ठरलं, तर म्हणे नवीन कार्ड येतंय, थांबू या. आजवर घरात आलंय ते फक्त रिकामं कॅबिनेट. पाडव्याला त्याला हळदकुंकू वाहून झालं, आता मेहुणी त्यावर पापडांचे डबे ठेवते.

परवा रविवारी मी गेलो तेव्हा कॉल रंगात आला होता. कॅबिनेटला पंखे किती, वारा कुठून आत घ्यायचा, गरम हवा कुठून सोडायची! माझे पोहे संपले, चहा झाला, तरी वारा काही ठरेना. साडू पाणी प्यायला आत गेला, तसा मी फोन उचलला. म्हटलं, "अरे बाबा, तूच एक तयार मागवून टाक ना घरपोच. सोडव आम्हाला!"

 पोरगा हळूच म्हणाला, "काका, नका ना घाई करू त्यांना. मी तो केव्हाच मागवला असता. पण एकदा खेळायला बसलो की बाबा स्क्रीनकडेच बघत राहणार. इतकं ते माझ्याशी कधीच बोलले नव्हते हो."

 

"अरे, ठेवू नकोस फोन!" आतून साडू ओरडला. "वरच्या पंख्याचं राहिलंय अजून!"

मी फोन त्याच्या हातात दिला आणि स्वयंपाकघरात जाऊन मेहुणीला म्हटलं, "परत चहा टाक गं. यांना वेळ लागेल."