रासबेरीचा खोडवा

आता तुमच्यापासून काय लपवायचं? बसा, चहा निवायच्या आत सांगून टाकतो. माझ्या हातानं मी एका झाडाचं जे केलं ना, ते वैऱ्यानंसुद्धा केलं नसतं. आणि तेही माया करून!

बहात्तरचा दुष्काळ सरला, त्याच्या पुढच्या साली आमचे जावईबापू फौजेतून सुट्टीवर आले. येताना ओल्या गोणपाटात गुंडाळून मुळ्या आणल्या.

"मामा, ही पिवळी रासबेरी. तिकडं डोंगरात लय. सोन्यावाणी फळ! परसात लावा. सुट्टीला आलो की वाटीभर खायला घाला."

एकुलता एक जावई. लग्नात काही मागितलं नाही, आता मागितलं ते वाटीभर फळ! मी लगेच चावडीवर सांगून बसलो, "आमच्या परसात सोनं पिकणार हाय!"

न्हाणीच्या पाण्यावर मुळ्या लावल्या. एक उरली, ती शेजारच्या तात्याला दिली. तात्या म्हणजे आळसाचा पुतळा. त्यानं ती कुंपणाशी खुपसली आणि विसरून गेला.

माझ्या रासबेरीच्या काठ्या पुरुषभर वाढल्या. काटेरी, ठणठणीत. तेवढ्यात शेतातला ऊस तुटला. आम्ही मलकापूरकडची ऊसवाली माणसं. ऊस तुटला की बुडखे जमिनीलगत छाटायचे, म्हणजे खोडवा, त्याच मुळांवरचं दुसरं पीक, जोमानं फुटतो. हे आम्हाला आईच्या दुधाबरोबर मिळालेलं. कोयता हातात होताच. म्हटलं, रासबेरीला कशाला दुजाभाव? सपासप छाटली!

आणि फुटली काय म्हणता! दुप्पट! फळ? एक नाही.

जावईबापू आले. "मामा, रासबेरी?"

"पुढल्या साली," मी म्हणालो.

पुढल्या साली शेणखत घातलं, भुईमुगाची पेंड घातली, देवाला नारळ फोडला. आणि ऊस तुटल्यावर पुन्हा मायेनं छाटली. त्याच्या पुढल्या सालीही तेच. कारभारीण म्हणायची, "आवं, त्या झाडाला फळ म्हंजी काय त्ये ठावं तरी हाय का?"

अखेर जावई उद्या येणार, आणि परसात नुसते वीतभर कोंब. मी रडकुंडीला आलो. एवढ्यात नजर तात्याच्या कुंपणाकडं गेली. पिवळंधमक! फांद्या वाकलेल्या!

"तात्या, काय घातलंस रं हिला?"

"काय न्हाई, आबा. मी तिकडं फिरकलोबी न्हाई."

जीव जळला हो! पण वाटी पुढं केली. तात्यानं शिगोशीग भरून दिली.

दुसऱ्या दिवशी जावईबापूंनी एक फळ तोंडात टाकलं आणि डोळे मिटले. "मामा, जिकलासा! चला, झाड बघू."

झाड! हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. जावईबापू परसात गेले, कोंबांकडं बघत राहिले. "मामा... फळं कुटं लागली व्हती?"

मागून कारभारीण म्हणाली, "आवं जावईबापू, ह्यांच्या झाडाला जमिनीखाली लागत्यात. रताळ्यावाणी!"

जावई हसून हसून खालीच बसले. मग हळूच म्हणाले, "मामा, ही काठी पयल्या वर्साला नुसती वाढती. फळ धरती दुसऱ्या वर्साला. तुमी तिला दुसरं वरीस कवा दावलंच न्हाई."

पेंड मीच घालायची, नारळ मीच फोडायचा, आणि मान मीच कापायची! त्या दिवशी कोयता माळ्यावर टाकला.

पुढच्या साली रासबेरी लागली. वाटी कसली, टोपलंभर! जावई खूष, कारभारीण खूष.

आणि शेतात? ऊस तुटला. कोयता काढला, वाकलो, की जावयाचं बोलणं कानात. हातच उठेना! म्हटलं, ह्यालाबी दाखवावं दुसरं वरीस. बुडखे तसेच सोडले. खोडवा असा रोडावला, असा रोडावला की बघवेना.

जन्मात कधी शेताकडं न फिरकणारा तात्या नेमका त्याच दिवशी बांधावर आला. वाकून बघितलं, माझ्याकडं बघितलं, आणि म्हणाला,

"आबा, औंदा उसालाबी फळं धरायची हायती व्हय?"