सवालाला गडी पाहिजे

आमच्या रेडिओवर कार्यक्रम संपताना आभार मानायची पद्धत आहे. पाहुण्यांचे, ऐकणाऱ्यांचे, शेवटी कॅन्टीनवाल्याचेसुद्धा. मी मास्तरीण, त्यामुळे यादी कधी चुकत नाही. एका गुरुवारी मात्र मी कुणाचेच आभार मानले नाहीत. त्या दिवशीच्या दोन माणसांचे आभार माझ्या मनात तसेच राहिलेत, म्हणून हे लिहायला बसले.

शाळेतून निवृत्त झाल्यावर माझं काय करायचं, हा प्रश्न मला कमी आणि घरच्यांना जास्त पडला होता. पोरांना दम देण्यात तयार झालेला आवाज एकदम चार खोल्यांत मावायचा कसा? कॉलेजच्या आवारातल्या कम्युनिटी रेडिओला बोलणारी माणसं हवी आहेत, असं सुनेला कळलं. तिनं माझा अर्ज स्वतः भरला आणि स्वतःच नेऊन दिला. तिला वाटलं सुटले, मला वाटलं सापडलं. दोघीही खूश होतो.

रेडिओ म्हणजे दोन खोल्या आणि मध्ये काच. एकीत कंप्युटर आणि तो चालवणारी मुलगी, दुसरीत माईक, पाहुणा आणि मी. दर गुरुवारी दुपारी तीन वाजता मी आसपासच्या कलावंतांना बोलावून घ्यायची. कुणी सनई वाजवणारा, कुणी सोंगी भजनातला, कुणी लग्नात हळदीची गाणी म्हणणारी. शहरात आमचा आवाज सगळीकडे जातो, हवा बरी असली तर हुपरीपर्यंत जातो, आणि नसली तर लोक मोबाईलवर लावतात. हुपरीत घरोघर चांदीचे पैंजण घडवतात. हात कामात, कान मोकळे, त्यामुळे तिथे आमचे ऐकणारे पुष्कळ.

काचेपलीकडच्या मुलीनं पहिल्याच दिवशी मला एक नियम शिकवला. रेडिओवर शांतता चालत नाही. तीन सेकंद कुणी बोललं नाही तर ऐकणाऱ्याला वाटतं, बंद पडला. म्हणून पाहुणा अडखळला की समोरचं बटण दाबायचं, आमची धून वाजते. हा नियम मला फार आवडला. वर्गातही मला गप्प पोर खपत नसे. बोलला नाही म्हणजे येत नाही, असा माझा सरळ हिशेब.

कोडोलीच्या पुढं एका वाडीवर एक भेदिक शाहीर राहतात असं कळलं, तेव्हा मी एसटीनं त्यांच्याकडे गेले. भेदिक म्हणजे दोन फडांचा सामना. एकानं डफावर गाऊन सवाल घालायचा, कोड्यासारखा, खोल अर्थाचा, आणि दुसऱ्यानं गाऊनच त्याचा जवाब द्यायचा. जवाब बरोबर की चूक, हे सवाल घालणाऱ्यानंच सांगायचं. शाहिरांचं वय सत्तरीच्या पुढं. सकाळ-संध्याकाळ डेअरीला दूध घालायचं, बाकी वेळ ऊस. डफ सोप्यात खुंटीला टांगलेला आणि त्यावर जुन्या धोतराचा कपडा.

त्यांनी चहा पाजला, माझं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "सवालाला गडी पाहिजे, बाई. माझा गडी गेला."

गडी म्हणजे त्यांचा समोरचा शाहीर. हुपरीचा, पैंजणांचं काम करणारा मुसलमान कारागीर. चाळीस वर्षं हे दोघे यात्रांत आणि उरुसांत समोरासमोर उभे राहिले. गावोगावच्या लोकांना वाटायचं, हे एकमेकांच्या नरडीचा घोट घेणार, आणि फड मोडला की दोघे एकाच ताटात जेवायचे. दोन वर्षांपूर्वी तो गेला, आणि डफ खुंटीवर गेला.

आता मी काय केलं असेल? माझा स्वभाव अडलेलं सगळं लगेच सोडवून द्यायचा. मी म्हटलं, मग दोन्ही बाजू तुम्हीच म्हणा. सवालही तुमचा, जवाबही तुमचा, मध्ये आम्ही धून वाजवू.

त्यांनी कप खाली ठेवला. "त्याच्या तोंडानं मी बोलू? आन परत त्याला हरवू बी मीच?" एवढंच म्हणून ते म्हशींकडे निघून गेले. त्यांच्या मंडळींनी ओशाळून मला ताकाची बाटली भरून दिली. परतीच्या एसटीत ती मांडीवर धरून मी बसले होते आणि माझी मलाच लाज वाटत होती.

सहा महिन्यांनी, एका गुरुवारी, शाहीर आपण होऊन रेडिओच्या दारात उभे. डोक्याला फेटा, काखेत कपड्यात गुंडाळलेला डफ. मागच्या गोष्टीचा त्यांनी उल्लेख केला नाही, मीही केला नाही.

त्यांनी सांगितलं ते असं. शेवटच्या सामन्यात हुपरीच्या शाहिरानं एक सवाल घातला होता. यांना जवाब सुचला नाही. अडलेल्या शाहिरानं अशा वेळी वेळ मागायची असते. यांनी मागितली. समोरचा हसून म्हणाला होता, "घे गड्या. जनमभर घे." आणि मग त्याचाच जन्म आधी संपला. चार दिवसांपूर्वी म्हशीची धार काढताना यांना अचानक जवाब सुचला. आता तो सांगायचा कुणाला? हुपरीला जाऊन घरच्यांना सांगा की, मी म्हटलं. माझी सुधारायची सवय अजून गेली नव्हती.

"सवाल चार माणसांत घातलाय," ते म्हणाले. "जवाब बी चार माणसांतच पायजे. त्यांच्या घरात दिवसभर तुमचा रेडिओ असतोय, त्याच्या पोरानं सांगिटलं. त्याच्या घराच्या भिंतींनी ऐकलं तरी बास."

त्यांची खरी अडचण तेव्हा मला कळली. जवाब हातात होता, पण बरोबर की चूक ते सांगणारा एकमेव माणूस जगात उरला नव्हता.

आम्ही त्यांना आत बसवलं. एसी लावलेला होता. त्यांनी डफावर थाप मारली तर ओल्या पुठ्ठ्यासारखा आवाज आला. गारठ्यानं कातडं ढिलं पडलं होतं. मग एसी बंद केला आणि सगळी वरात कॅन्टीनमध्ये. कॅन्टीनवाल्यानं चहाचं आधण खाली उतरवलं आणि गॅस मोकळा करून दिला. शाहिरांनी डफ जाळावर फिरवत फिरवत शेकला, दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही. शाहिरांचं गाणं दहा मिनिटं उशिरा सुरू झालं. ती दहा मिनिटं माईकवर मी एकटीनं बोलून काढली. मला ते जड गेलं नाही, हे घरचे सांगतील.

मग शाहीर गायला लागले. आधी गड्याचा सवाल, गड्याच्याच चालीत:

"सगळ्याआधी उठतंय कोण, सगळ्यामागं निजतंय कोण,
घरात राहून दिसंना कुणा, सांग शाहिरा, त्ये हाय कोण?"

आणि मग स्वतःचा जवाब, तीन कडव्यांचा. घर म्हणजे देह. त्यात सगळ्यांआधी जागा होतो आणि सगळ्यांच्या शेवटी निजतो, तो श्वास. आवाज थकलेला होता, वरच्या सुरात फाटत होता, पण डफ असा बोलत होता की काचेपलीकडची मुलगी कंप्युटर विसरून बघत राहिली. शेवटची थाप पडली. शाहिरांनी माईककडे तोंड केलं आणि विचारलं, "बरोबर का, गड्या?"

आणि थांबले.

एक, दोन, तीन. माझं बोट बटणावर गेलं आणि आमची धून वाजली. त्यांनी माझ्याकडे बघितलं. कुणीतरी उंबऱ्यापर्यंत यावं आणि आपण धाडकन दार लावावं, तसं मला झालं.

फोन येऊ लागले. शहरातून एकानं कौतुक केलं, एकीनं पुन्हा म्हणा म्हणून सांगितलं. शाहीर हात जोडत होते, पण लक्ष नव्हतं. चौथा फोन हुपरीचा. बाईचा आवाज, सरळ आणि खणखणीत, आणि मागं घुंगरांची बारीक किणकिण. तिनं आपण कोण ते सांगितलं. ती त्या गेलेल्या शाहिराची बायको होती. पैंजणांना घुंगरं जोडता जोडता तिनं कार्यक्रम ऐकला होता.

"जवाब चुकलाय, भाऊ," ती म्हणाली.

शाहीर ताठ झाले. "कसा काय, भाभी?"

"श्वास निजत न्हाय. श्वास थांबतोय. मी बघितलंय न्हवं."

माझ्या कार्यक्रमात एक म्हातारा चारचौघांत चूक ठरला होता, आणि एका बाईला मी नवऱ्याचा शेवटचा क्षण सगळ्यांसमोर आठवायला लावला होता. बोट पुन्हा बटणाकडे गेलं. शाहिरांनी माझ्याकडे न बघताच हात वर करून मला थांबवलं.

त्यांनी विचारलं, गड्यानं खरा जवाब तुम्हाला सांगितला होता का? ती म्हणाली, कुठलं! विचारलं की म्हणायचे, त्याला आधी दमू दे. मग म्हणाली, "तुमचा कुठला जवाब त्यांनी पयल्या झटक्याला कबूल केलाय? मग मी तर कशी करू?"

शाहीर हसले. हसता हसता फेट्याच्या टोकानं डोळे पुसू लागले. "खरं हाय," ते म्हणाले. "चुकलंच माझं."

मी जन्मभर वह्या तपासल्या. चुकीची फुली बघून इतका सुखावलेला माणूस मी दुसरा पाहिला नाही. त्यानंतर आजवर त्यांनी आमच्या रेडिओवर आणखी चार जवाब दिले. चारी चुकले, प्रत्येक वेळी हुपरीहून कारणासकट. डफ काही परत खुंटीला गेला नाही. माझ्या उरलेल्या आयुष्यातले गुरुवार या दोघांनी भरून दिले, आणि हे उपकार मी तोंडानं बोलून दाखवले तर दोघंही मलाच वेड्यात काढतील.

पण त्या दिवशी एवढ्यावर संपलं नाही. शाहीर म्हणाले, जवाब चुकला तर सवाल परत घालायची रीत आहे, आणि तो तुमच्याकडूनच यायला हवा. ती म्हणाली, मी कधी गायले नाही, आमच्या घरी गाणं पुरुषांचं, आम्हा बायकांकडं घुंगरं. शाहीर म्हणाले, घरात बसून चाळीस वर्षं ऐकलायसा की. आणि त्यांनी डफ मांडीवर आडवा ठेवून त्यावर दोन्ही हात ठेवले. समोरचा सवाल घालत असला की शाहीर असाच बसतो, हे त्यांनीच मला नंतर सांगितलं.

मग घुंगरांची किणकिण थांबली आणि तिनं सवाल म्हटला. आवाज गायकीतला नव्हता. दम पुरत नव्हता, दुसऱ्या ओळीत तो थोडा घसरला. पण शेवटच्या शब्दावर तिनं जो हेल काढला, तो ऐकून शाहिरांनी डोळे मिटले. तो हेल त्यांच्या गड्याचा होता.

सवाल संपला. शाहीर गप्प. तीन सेकंद गेले. दहा गेले. काचेपलीकडची मुलगी हातवारे करायला लागली. मी बटणावरचा हात काढला आणि मांडीवर ठेवला. पलीकडे हुपरीत कुणीतरी घुंगरं गोळा करत होतं, तेवढंच ऐकू येत होतं. त्या वेळी पहिल्यांदा मला वाटलं, गप्प बसलेल्या माझ्या कितीतरी पोरांना मी उगाच हटकलं.

शेवटी शाहिरांनी डोळे उघडले. "वेळ द्या, भाभी," ते म्हणाले.

"घ्या, भाऊ," तिकडून आवाज आला. "जनमभर घ्या."