पिवळ्या लंगोटाचे पेढे
काल भाचीच्या लग्नात हळद भिजवली आणि त्या वासासरशी मला पुण्याच्या हॉस्पिटलातली एक सकाळ आठवली. माझी लेक तेव्हा दोन-अडीच महिन्यांची होती. डोळे पिवळेजर्द, शी मात्र चुन्यासारखी पांढरी. आमच्या आणे गावात जो तो सांगायचा, कोवळ्या उन्हात धरा, कावीळ उतरेल. पण डॉक्टर म्हणाले, यकृतातून आतड्यात पित्त नेणारी नळीच जन्मतः बंद आहे. ऑपरेशन झालं आणि आम्हाला एकच काम उरलं, लंगोट उघडून रंग बघायचा. शी पिवळी झाली म्हणजे पित्ताला वाट मिळाली. रोज उघडावं, तर पांढरीच. मग त्या सकाळी सासूबाई ओरडतच वॉर्डभर सुटल्या, "अगं, पिवळी झाली! लई पिवळी!" भंडाऱ्याचं ताट धरावं तसा लंगोट त्यांनी दोन्ही हातांवर धरला होता. शेजारच्या खाटांवरच्या आया उठून बघायला आल्या, कुणालाच घाण वाटली नाही. गावी सासऱ्यांना फोन केला, तर त्यांनी पारावर पेढेच वाटले. "नातू झाला व्हय?" कुणीतरी विचारलं. "नाय राव, नातीला पिवळी शी झाली. घ्या, तोंड गोड करा!" काल तीच लेक हळदीनं माखून धावत आली, "आई, बघ, मी कसली पिवळी झालेय!" हसता हसता माझा अंगठा आपोआप तिच्या डोळ्याखाली गेला. पापणी ओढून पाहिली. डोळा पांढराशुभ्र. मग वाटीतली उरलेली हळद मीच तिच्या नाकाला फासली.