छतावरचा अंगठा

आमच्या शेजारच्या थिनरभाऊंकडे जायचं तर आधी नाकाची समजूत काढावी लागते. दार उघडलं की असा भपकारा येतो, की पाहुणा पाणी मागायच्या आधी खिडकी उघडायला सांगतो. हे नाव मीच ठेवलं. गल्लीतल्या निम्म्या टोपणनावांमागे माझाच हात आहे, पण हसत हसत स्वीकारलेलं नाव हे एकच.

भाऊंनी एकतीस वर्षं कारखान्यात रेल्वेच्या डब्यांना रंग मारला. निवृत्त झाले आणि डबे लहान झाले, एवढाच काय तो फरक. आता लांबलांबचे हौशी लोक त्यांच्या छोट्या हुबेहूब आगगाड्या भाऊंकडे पाठवतात, रंग फसला की. भाऊ इंजिन खिडकीशी तिरकं धरतात आणि चष्म्यावरून बघत निकाल देतात. पांढुरकं धुकं आलंय? दमट हवेत फवारा मारला. संत्र्याच्या सालीसारखं लागतंय? लांबून मारला, रंग वाटेतच सुकायला लागला. नंबराखाली चंदेरी चमकतंय? हा नंबर म्हणजे डेकल, पाण्यात भिजवून कागदावरून सरकवत बसवायचा पातळ पापुद्रा. तो खरबरीत रंगावर बसवला आणि खाली हवा अडकली; आधी तिथे चकचकीत वार्निश हवं होतं.

आणि ओल्या रंगाला बोट लावणारा माणूस त्यांच्या लेखी खिसेकापूपेक्षा वाईट. मलासुद्धा टेबलापासून चार हात लांब बसवतात. "वहिनी, तुमची जीभ चालेल, बोटं नकोत."

चार वर्षांपूर्वीची गोष्ट. भाऊंची थोरली बहीण दोन गल्ल्या सोडून राहते, शिवणकाम करते. सगळे तिला ताईच म्हणतात. त्या दिवशी ती एक पत्र्याचं जुनं इंजिन घेऊन आली. त्यांच्या वडिलांनी स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून रंगवलेलं. वडील गेले तेव्हा भाऊ दोन वर्षांचे होते.

"नंबर सुटतोय बघ कडेनं," ताई म्हणाली. "तेवढा बसवून दे."

भाऊंनी इंजिन तिरकं धरलं. "नंबराचं काय घेऊन बसलीस. वार्निश पिवळं पडलंय, ब्रशचे ओघळ दिसतायत, आणि छतावर तर कोण्या गाढवानं ओल्या रंगात अंगठा टेकलाय. ठेव आठवडाभर, नवं करून देतो."

मी नेमकी तेव्हा वरच्या मजल्यावरच्या दोन जावांचं भांडण सांगत होते, दोघींच्या आवाजांसकट. ताई हसत "बरं बरं" म्हणाली आणि गेली.

आठवड्यानं आली तेव्हाही मी तिथेच होते. मी कुठे नसते? इंजिन असं चकाकत होतं की त्यात बघून मी केस सारखे केले. ताईनं ते उचललं आणि न बघताच छतावर अंगठा नेला. अंगठा घसरला.

"इथला अंगठा कुठे गेला?"

"काढला की. सगळा रंग उतरवला, बारीक पॉलिश पेपरनं घासलं. आता शोधूनही सापडायचा नाही." भाऊ छाती फुगवून सांगत होते.

"बाबांचा होता तो. तू पाळण्यात होतास. मी सारखी विचारत होते, वाळला का, वाळला का. बाबा म्हणाले, वाळला, हे बघ. आणि टेकवला अंगठा. नव्हता वाळला. पोट दुखेपर्यंत हसलो होतो आम्ही."

तिनं इंजिन फडक्यावर ठेवलं. "राहू दे तुझ्याकडे."

तेव्हापासून रस्त्यात भेटली तर बोलायची, पण भावाच्या घरात पाऊल नाही. भाऊंनी त्या इंजिनाचा रंग सहा वेळा उतरवला आणि सहा वेळा नवा मारला. एकदा छतावर स्वतःचाच अंगठा टेकून बघितला. म्हणाले, मुलाचा बापासारखा असेल थोडाफार. नुसता गुळगुळीत डाग उठला. एकतीस वर्षांच्या थिनरनं आणि पॉलिश पेपरनं अंगठ्यावरच्या रेघाच खाल्ल्या होत्या. "माझा घ्या, चांगला ठसठशीत आहे," मी म्हटलं. भाऊ हसले, पण माझा मान राखायला हसले.

गेल्या महिन्यात मी एक ब्लाउज सैल करायच्या निमित्तानं ताईकडे गेले आणि मनातलं ओकून टाकलं. "ताई, अंगठ्याचं भाऊ तुम्हाला बोलले होते हो. माझ्या बडबडीत तुम्हाला ऐकू गेलं नाही."

ताईनं दातानं दोरा तोडला. "तुझ्या बडबडीचा काय संबंध? मी ऐकलं होतं. बाबांना गाढव म्हणाला म्हणून तर हसू आलं मला. म्हटलं, इंजिन न्यायला येईन तेव्हा सांगीन, जिरेल जरा. हा घासून टाकेल हे डोक्यातच आलं नाही."

"मग हे भाऊंना सांगितलंत?"

"कोणत्या तोंडानं?"

ब्लाउज तसाच राहिला. मी तिला घेऊनच आले.

भाऊंनी त्याच इंजिनाच्या छतावर नुकताच फवारा मारला होता. ताईला दारात बघून उठले, बसले, पुन्हा उठले. मग म्हणाले, "ताई, ओला आहे. लाव अंगठा."

"माझा घेऊन काय करू? माझा आहे माझ्याजवळ." ती खुर्चीवर बसली आणि मला सांगितलं होतं ते सगळं तिनं भाऊंना सांगितलं. भाऊ फवाऱ्याची तोटी पुसत होते. स्वच्छ झाली तरी पुसतच होते.

"नंबर छान बसलाय," इंजिनाकडे वाकून बघत ती म्हणाली. "दे, नेते. कपाटात जागा तशीच आहे."

"वाळू दे."

"वाळेल वाटेत."

चाकांखाली तळहात धरून ती निघाली. आम्ही दोघं खिडकीतून बघत राहिलो. समोरून सायकल आली तेव्हा तिनं दुसरा हात इंजिनावर छत्रीसारखा धरला, वीतभर वर. कोपऱ्यावर वळेपर्यंत मी नजर काढली नाही.

भाऊंना चष्मा लावूनही तेवढं लांबचं दिसत नाही. "लागलं का बोट?" त्यांनी विचारलं.

"नाही," मी म्हटलं.

"लागलं असतं तरी चाललं असतं," असं म्हणून ते थिनरच्या बाटलीचं झाकण लावायला आत गेले.