सावलीच्या बाजूचं माप

जेवून मी आडवा झालोय. आर्क्टिकमधल्या या लाकडी केबिनमध्ये धुक्यानं आम्हाला तीन दिवस अडकवून ठेवलंय. तासाभराच्या चालीवर आमची हिमनदी आहे, एखाद्या गावतळ्याएवढी. तिच्यात रोवलेल्या काठ्या दर उन्हाळ्यात किती उघड्या पडल्या ते मोजायचं, एवढंच काम. यंदा तिथे बर्फ उरलाय की नाही, कुणालाच माहीत नाही. धुकं राहिलं तर बरं, असं मला वाटतं. संशोधकाला हे शोभत नाही, पण डोळे मिटल्यावर चालतं.

"हर्डीकर, सरक जरा."

माझे पीएच.डी.चे गाईड टिपणीस सर पायाशी बसलेत. दोन वर्षांपूर्वी मी त्यांना खांदा दिला होता. तब्येत सुधारलेली दिसते.

"सर, तुम्ही इथे?"

"मग कुठे जाऊ? मोठ्या हिमनद्या म्हणजे साहेब लोक रे. हवा बिघडली तरी वर्षानुवर्षं चेहऱ्यावर दाखवत नाहीत. लहानीला लगेच ताप भरतो. म्हणून तर हिला निवडली."

केबिनची भिंत आता त्यांच्या सांगलीच्या स्वयंपाकघराची आहे. ओट्यावर चहा उकळतोय. फरशी बर्फाची, तिच्यात आमची काठी. सर टेप काढून गुडघ्यांवर बसतात.

"सर, ती सावलीची बाजू. तिथे बर्फ कमी वितळतो. यावरून आम्हाला किती झापायचात!"

"तुम्हाला झापायचो. स्वतः शेवटची आठ वर्षं इथूनच मोजलं."

"का?"

"आजाऱ्याला भेटायला गेलं की 'बरा दिसतोयस' म्हणतोच ना आपण?"

माझी डॉक्टरेट त्याच आठ वर्षांवर उभी आहे. रागवावंसं वाटतं. पण माणूस आधीच वारलेला. त्याला आणखी काय करणार?

"मग खरं किती उरलंय?"

"मला नको विचारूस. हात घाल."

मी हातमोजा काढतो, उन्हाच्या बाजूनं खरवडतो. बर्फ सायीसारखा निघून येतो. खाली पाणी. पाण्याखाली खडक.

"जरा पलीकडे बघ," सर म्हणतात. माझ्याकडे न बघता टेप गुंडाळत राहतात.

मी पलीकडे बघतो. खडक. त्याच्या पलीकडेही खडकच.

"सर, उठा! धुकं गेलं." माझी विद्यार्थिनी अनघा बुटांच्या नाड्या बांधतेय. पहिलीच मोहीम तिची. "बर्फ असेल ना हो, सर?"

माझा उजवा हात ब्लँकेटबाहेर आहे. नखांत राखाडी गाळ, अजून ओला. तीन दिवसांत मी हिमनदीकडे फिरकलेलो नाही.

"असेल की," मी म्हणतो आणि घाईघाईनं हातमोजा चढवतो.