काचेतला थोरला

आमची वाटणी झाली तेव्हा चपलांचं दुकान थोरल्या भावाकडे गेलं आणि घर माझ्याकडे आलं. आई घरातच होती, म्हणून तीही माझ्याकडे. तेव्हापासून आम्ही दोघं बोलत नाही. भांडतही नाही. भांडायला समोर तरी यावं लागतं.

पन्नाशी उलटल्यावर मला रस्त्यावरचे काळे-पांढरे फोटो काढायचा नाद लागला. डबक्यात उलटी लटकलेली रिक्षा, भांड्यांच्या दुकानातल्या पातेल्यावर फुगून बसलेला हवालदार, असलं काहीबाही. बायको म्हणायची, "अहो, पातेल्यात काय दिसतंय ते बघायचंच असेल तर घरातली घासा की!"

आईनं मात्र एकदा चष्मा लावून सगळे फोटो नीट बघितले. मग म्हणाली, "सगळ्या गावाचं काढलास. तुमचा दोघांचा काढ की एक. डोळं मिटायच्या आत शेजारी शेजारी बघू दे."

शहाण्या माणसानं थोरल्याला फोन केला असता. मी उजेडाचा अभ्यास केला.

दुकानाला त्यानं नवी मोठी काच बसवली होती. सकाळी तिच्यात अख्खा रस्ता झळकतो, आतलं काही दिसत नाही. पण उन्हाकडे पाठ करून काचेसमोर उभं राहिलं की आपली आकृती काळी पडते, आणि तेवढ्या काळ्या भागातून मात्र आतलं दिसतं. म्हणजे नेमक्या जागी उभा राहिलो तर गल्ल्यावर बसलेला थोरला माझ्या आकृतीत दिसणार. दोघं एका चौकटीत, आणि कुणी कुणाला विचारायचं नाही! ही युक्ती सुचल्यावर मी इतका खूष झालो, की बायकोनं तब्येत विचारली.

गेलो. कॅमेरा डोळ्याला लावून दोन पावलं डावीकडे, एक मागे असा नाचलो. एक मोटरसायकलवाला ओरडला, "ओ, रस्ता काय तुमचा हाय?" आणि अचानक थोरला दिसला. पांढरा शर्ट, पिकलेल्या मिशा, माझ्या छातीच्या जागी बरोबर. बटण दाबलं.

त्यानं मान वर केली. उठला, दार उघडून उंबऱ्यावर आला. मला वाटलं, आता शिव्या देणार. दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

"काय दाखवू पावणं?" तो म्हणाला.

कुठल्याही गिऱ्हाइकाला म्हणतो तसंच. चेहऱ्यावर राग नाही, काही नाही.

मीही गिऱ्हाइकासारखाच म्हणालो, "काय न्हाय. नुसतं बघतोय."

"बघा की. बघायला पैसं न्हाईत," म्हणून तो आत गेला.

फोटो मात्र झकास आला होता. आमच्या फोटोवाल्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकला तर अंगठ्यांचा पाऊस. कुणी लिहिलं, काय खोली आहे हो! मी मोठी प्रत काढून आईच्या हातात दिली.

"थोरला हाय की ह्यो," तिनं त्याच्यावरून बोट फिरवलं. "वाळलाय. तू कुठं हायस?"

"ते काळं आहे ना त्याच्याभोवती, तो मी."

"तुला तोंड न्हाय व्हय?"

मी तिला उजेड कसा पडतो ते समजावून सांगायला लागलो. तिनं ऐकून घेतलं.

"म्हंजे दुकानापतुर गेलतास."

"हो."

"आणि आत न्हाई गेलास."

मी म्हणालो, "आत उजेड कमी होता, आई."

तिनं फोटो माझ्याकडे परत दिला. "ह्यो न्हाय चालायचा. दुसरा काढ. ह्या खेपेला आत जाऊन."

रविवारी पुन्हा गेलो, कॅमेरा घेऊनच. काच बदललेली वाटली. जवळ जाऊन बघितलं तर त्यानं तिला आतून काळी फिल्म चिकटवून घेतली होती, वरपासून खालपर्यंत. फोटोच्या दृष्टीनं ती काच आता उत्तम झाली आहे. इतकं स्वच्छ प्रतिबिंब मला पूर्वी कधी मिळालं नव्हतं. पानाची टपरी, तारेवरचे कावळे, आणि मधोमध मी, शर्टाच्या बटणासकट. आत कुणी आहे की नाही, कळायला मार्ग नाही.

दार तेवढं होतं. त्यावर 'ढकला' असं लिहिलेलंही होतं.

घरी येऊन आईला सांगितलं, दुकान बंद होतं.