दादाचा सुती दोरा

कारखान्याची जीप आमच्या अंगणाशी थांबली तेव्हा मी ओसरीवर वाचत बसलो होतो. ड्रायव्हर उतरायच्या आतच मी म्हणालो, "दादा इथं नाई, तिकडंच हाय." इतक्या वर्षांची सवय… ती जीप आमच्या गावी, एकोडीत यायची ती सदाशिवदादाला न्यायलाच. ड्रायव्हर खाली उतरून ओसरीपाशी आला. मग म्हणाला, "गुरुजी, आज तुमाले न्याले आलो." दादा क्वार्टरमध्ये सोबत्याबरोबर चहा पिता पिता गेला होता.

दादा माझा थोरला भाऊ. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला तो भंडाऱ्याकडच्या एका कारखान्याच्या वीजघरात बॉयलरवर लागला. "दोन-चार सालं करतो अन् धानाले परत येतो," असं बाबांना सांगून गेला. मी शाळेत शिकवायचो; एका सुट्टीत त्याचं काम बघायला गेलो. दादा आणि त्याच्या हाताखाली तयार होत असलेला महादेव भट्टीपाशी उभे होते. मला बघून दादा म्हणाला, "काय गुरुजी, तुमच्या पुस्तकात आग कायनं लागते?"

"काडीनं," मी म्हणालो. दोघंही हसले.

"हवेनं लागते. काडी मंग."

मग दादानं समजावून सांगितलं. एक पंखा खालून कोळशाला हवा देतो, दुसरा भट्टीतला धूर चिमणीकडं ओढतो. ओढणाऱ्याचा जोर जरासा जास्त हवा, नाहीतर ज्वाळा दारातून माणसावर येते. भट्टी बंद करून ठेवली की निखारे आत धुमसत राहतात आणि न जळलेला वायू कोंडतो. तो ओढून काढल्याशिवाय चिंध्यांचा पेटता बोळा आत न्यायचा नाही. जोर दाखवायला काटे होतेच, पण दादानं दाराशी एक सुती दोरा टांगला होता. दोरा आत वळला, वळलेलाच राहिला, की मग बोळा.

पुढं महादेव तयार झाला. नोकरी सोडायची म्हणून दादानं एकोडीत घर नव्यानं बांधलं, स्वयंपाकघराला समोरासमोर दोन खिडक्या ठेवल्या. चुलीवरसुद्धा दोरा टांगला. वयनी डोक्याला हात लावून हसल्या. त्या पावसाळ्यात तो धानाच्या रोवणीला आला, ते परत न जायच्या बेतानंच. तिकडं भट्टी पेटवायची होती आणि सगळा कारखाना विजेसाठी खोळंबला होता. घाईत महादेवानं धूर ओढणारा पंखा पुरता चालू दिला नाही… दारातून आग बाहेर आली. महादेव वाचला, पण दोन्ही हात भाजले.

दादा त्याला भेटून आला आणि जेवायला बसला नाही. बाबा म्हणाले, "आता जाऊ नको रे तिकडं."

"बाबा, त्याचे हात पाहून आलो मी. आता बोळा कोनाच्या हाती देऊ?"

तेव्हापासून जीप येऊ लागली. भट्टी बंद झाली की दादा घरी यायचा, पेटवायची वेळ झाली की जीप. एकदा जीप बघून गुडघाभर चिखलातून तो बांधावर चढला तेव्हा वयनी म्हणाल्या, "सवत असती तं घरात येऊन भांडली असती. हे भट्टी तं गाडी धाडते!" दादा हसला, पाय धुतले, गेला.

ऑफिसनंच त्याला अडकवून ठेवलंय, असं मी कित्येक वर्षं समजत होतो. एकदा चिडून विचारलं, "तिथं दुसरं कोनी नाई का?" जीपमध्ये बसता बसता तो म्हणाला, "हायेत ना, चांगले चार जण हायेत. साहेब तं म्हनते, जा घरी. गाडी मीच बोलावतो." दार ओढून घेत म्हणाला, "पन कोनी बोळा उचलला का मले हातच दिसते…"

नवं घर त्याला सुट्टीपुरतंच मिळालं.

तेरवी झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी मी स्वयंपाकघरात गेलो. वयनींनी दोन्ही खिडक्या उघडल्या होत्या, चुलीत लाकडं रचली होती. वर दोरा होता, धुरानं काळा पडलेला. त्यांनी काड्यापेटी माझ्यापुढं धरली. "भाऊजी, तुमी लावा. माह्यानं नाई होत."

दोरा वाऱ्यानं केव्हाच पलीकडच्या खिडकीकडं वळला होता, वळलेलाच होता. हवा ठीक होती, सगळं ठीक होतं. काड्यापेटी हातात घेऊन मी दोऱ्याकडं बघत उभा राहिलो… बराच वेळ.